मागणी, प्रतीक्षा आणि पळवाट : संगणकावरच्या मराठीची वीस वर्षं



आजचा विषय संगणकाचा असला तरी व्याख्यान इतिहासाचं आहे. तेव्हा ज्यांना संगणकातलं काही कळत नाही त्यांनीही निश्चिंत बसावं. सुरुवात एका सीडीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. पुस्तक १९९८ साली छापलं, थोड्या प्रती काढल्या, त्या संपल्या. पुढे वडील गेले. ज्या डीटीपीवाल्याने पुस्तक जुळवलं होतं त्याने दुकान बंद केलं, पण जाताना मजकुराची सीडी त्यांच्या हाती दिली. मुलाला आता दुसरी आवृत्ती काढायची होती. त्यांनी सीडी घातली, फाइल उघडली, तर पडद्यावर डॉलरची चिन्हं, टक्के, कंस आणि रोमन अक्षरं. मराठीचं एक अक्षर नाही. मला म्हणाले, "फाइल खराब झाली का हो?"

फाइल खराब झालेली नव्हती. ती ज्या दिवशी केली तशीच शाबूत होती. ती अशी का होती, हे समजून घ्यायचं तर एका मागणीचा इतिहास पाहावा लागतो. मराठी ग्राहकाची मागणी साधी होती : तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मला माझी लिपी लिहिता आली पाहिजे. ही मागणी पूर्ण व्हायला वीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात लोकांनी जे केलं त्याचा परिणाम ती सीडी होती.

मागणी काय होती

इंग्रजीचं काम सोपं असतं. एक कळ, एक अक्षर, ते एकापुढे एक ठेवत जायचं. आपल्याकडे तसं नाही. 'कि' म्हणताना आधी क येतो आणि मग इकार, पण लिहिताना वेलांटी आधी दिसते. 'र'ची तर चार-पाच रूपं. 'आचार्यास बोलवा' आणि 'आचाऱ्यास बोलवा' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात विद्वान येतो, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक फक्त र कसा काढला एवढाच. हे छपाईला नेहमीच जड गेलंय. खिळे जुळवण्याच्या काळात देवनागरीला शेकडो खिळे लागत आणि ते कमी करण्याच्या खटपटीत खुद्द लोकमान्यांनीही लक्ष घातलं होतं.

संगणकावर याचं उत्तर शोधण्यात आपण मागे नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात 'जिस्ट' नावाचं तंत्र तयार झालं. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातला विचार असा : संगणकाने साठवताना फक्त मूळ वर्ण साठवायचे, म्हणजे क, इकार, हलन्त वगैरे, आणि दाखवताना त्यांची जोडाक्षरं करायची. यातूनच 'इस्की' हे भारतीय मानक आलं. ते १९८८मध्ये तयार झालं आणि १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलं गेलं. त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरं दिली गेली आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतली होती.

म्हणजे १९९१मध्ये काय हवं आहे हे ठरलेलं होतं. ते कसं करता येईल हेही ठाऊक होतं. मग अडलं कुठे?

पळवाट

त्या वेळी छपाईच्या दुकानांत राज्य होतं पेजमेकरचं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत गिरगावात कुठल्याही डीटीपीवाल्याकडे जा, पडद्यावर पेजमेकरच दिसायचा. पेजमेकरला इंग्रजी येत होतं. वेलांटी मागे न्यायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मग आपल्या लोकांनी डोकं चालवलं. संगणकातल्या फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे खाने असतात. त्यांनी रोमन अक्षरं काढून टाकली आणि त्या खान्यांत देवनागरीचे तुकडे भरले : अर्धा त, काना, वेलांटी, रफार. पेजमेकरला वाटायचं आपण इंग्रजीच छापतोय. कागदावर मात्र मराठी उतरायची. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम ही सगळी याच वाटेने गेली.

ही पळवाट हुशारीची होती आणि मी तिला मुळीच नावं ठेवणार नाही. १९९०च्या दशकातली मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सातबारापासून ते संमेलनाच्या स्मरणिकेपर्यंत सगळं तिच्यावर चाललं. ती नसती तर खिळे गेल्यावर मराठी प्रकाशन अडूनच पडलं असतं.

पण किंमत होती. कुठल्या खान्यात कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपलं आपलं ठरवलं. एकाच्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की कचरा. फॉन्टच नसला तर डॉलर आणि टक्के. मजकूर मराठी दिसत होता, पण संगणकाच्या लेखी तो मराठी नव्हताच. त्यात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. तो चित्रासारखा होता. त्या गृहस्थांची सीडी याच वेळची.

उशीर का झाला

विकणाऱ्या कंपन्यांच्या बाजूनेही जरा बघू. पहिलं कारण खरंखुरं तांत्रिक. ओळ मोडणारं, अक्षर जुळवणारं सगळं यंत्र इंग्रजी गृहीत धरून बांधलेलं. त्यात वेलांटी बसवायची म्हणजे पायाच खणायचा. दुसरं कारण हिशोबाचं. पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणारे मराठी ग्राहक किती? चोरून घातलेल्या प्रती किती होत्या, हे इथे बसलेल्या जुन्या मंडळींना मी सांगायला नको.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्या पळवाटेने आपली मागणीच दिसेनाशी केली. पेजमेकर विकत घेणारा मराठी प्रकाशक कंपनीच्या वहीत इंग्रजी आवृत्तीचा ग्राहक म्हणून लागला. त्याचं काम चाललंय, तो नवी आवृत्ती घेतोय, मग त्याला अडचण काय आहे? तो रोज वैतागत होता, पण त्याचा वैताग डीटीपीवाल्यावर निघत होता. डीटीपीवाल्याचा निघत होता फॉन्टवाल्यावर. मूळ दुकानदारापर्यंत काही पोचतच नव्हतं.

एकेक दार

पहिलं मोठं दार उघडलं २०००मध्ये. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, सोबत 'मंगल' नावाचा फॉन्ट. पण दार उघडलं तरी उंबरठा उंचच. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलात जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा. ती सीडी कोणाकडे असायची?

छपाईचं दार मात्र बंदच राहिलं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. त्याला शेवटपर्यंत युनिकोड आलं नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला युनिकोड समजत होतं, पण जोडाक्षर जुळवता येत नव्हतं. मजकूर ओतला की वेलांटी अक्षराच्या मागे आणि हलन्त उघडे पडलेले. गंमत बघा, २००८च्या आवृत्तीत जोडाक्षरं जुळवणारं यंत्र आत येऊन बसलं होतं, पण ते चालू करायचं बटण मेनूत दिलेलं नव्हतं. ज्यांना आतली माहिती होती ते आडमार्गाने ते वापरत. मराठीसह दहा भारतीय भाषांना अधिकृत आधार मिळाला २०१२मध्ये. १९९१ ते २०१२. एकवीस वर्षं.

अक्षरांचंही तेच. आपण 'ॲसिड'मध्ये लिहितो तो ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर हिंदीतला ऍ वापरा, नाहीतर अ वर चंद्र चिकटवा.

आणि मोबाइल. आठवतंय ना? मराठी मजकूर आला की नुसते चौकोन दिसायचे. मग कोणीतरी युक्ती सांगायचं : ऑपेरा मिनी घाला, पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कॉन्फिग' लिहा, अगदी खाली जा आणि बिटमॅप फॉन्टपुढे 'यस' करा. मग लांबच्या कुठल्यातरी यंत्रावर त्या मजकुराचं चित्र व्हायचं आणि ते चित्र आपल्या फोनवर यायचं. पुन्हा पळवाटच!

आल्यावर काय झालं

आता या गोष्टीतला अवघड भाग. २०१२मध्ये मागितलेलं मिळालं, तेव्हा छपाईवाले धावत गेले का? नाही. वीस वर्षांत त्यांची बोटं टंकलेखन यंत्राच्या कळपाटावर बसली होती, पैसे देऊन घेतलेले शेकडो फॉन्ट होते, जुन्या कामांच्या फाइलींची कपाटं भरली होती. चांगले युनिकोड फॉन्ट मोजकेच. मग उलटंच सुरू झालं. लेखक घरी युनिकोडमध्ये लिहिणार, आणि दुकानात तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवून लावणार! पुढे जाऊन मागे यायचं. फिरवताना रफार हलतो, अर्धा र हरवतो, आणि प्रुफं तपासणारा पुन्हा तेच दगड वेचत बसतो.

म्हणून मी म्हणतो, उशीर मोजताना नुसती वर्षं मोजू नयेत. त्या वर्षांत लोक हात जोडून बसत नाहीत. ते काहीतरी बांधतात, त्यात राहायला लागतात. उशिरा आलेल्या वस्तूला मग त्या बांधकामाशी भांडावं लागतं.

त्या सीडीचं काय झालं, ते सांगतो आणि थांबतो. फॉन्ट कुठला ते शोधलं, त्याचा परिवर्तक मिळवला, मजकूर युनिकोडमध्ये आला. घरात छापील पुस्तकाची एकच प्रत उरली होती, ती शेजारी ठेवून त्या गृहस्थांनी सगळं वाचून काढलं. दोन महिने लागले. पुस्तकात गावजेवणाचं वर्णन आहे. वडिलांनी लिहिलं होतं, 'आचाऱ्यास पागोटे दिले.' पडद्यावर आलं होतं, 'आचार्यास पागोटे दिले.' छापील प्रत नसती तर ती चूक सापडलीच नसती, आणि गावच्या इतिहासात एक आचार्य कायमचे घुसले असते.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्याकडे, तुमच्या संस्थेकडे १९९० ते २०१०च्या सुमाराच्या मराठी फाइली असतील तर त्या उघडून बघा. कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते कागदावर लिहून ठेवा. तो फॉन्टही फाइलींसोबत जपा. आणि छापील प्रत असेल तर ती रद्दीत देऊ नका.