पेटीपासून यंत्रापर्यंत

१९४८ साली निजामी राजवट संपली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणीच्या निरक्षर शेतमजुरालाही मताधिकार लाभला. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. पेटीवरील चिन्ह ओळखून मतदार स्वहस्ते मतपत्रिका आत टाकी. पुढे शिक्क्याची मतपत्रिका आली आणि २००४ च्या लोकसभेसाठी सर्वत्र यंत्र आले. मत डोळ्यांआड झाले, तशी शंकाही वाढली. म्हणून २०१९ पासून प्रत्येक यंत्राला चिठ्ठीची जोड मिळाली. ती मतदाराला ७ सेकंद दिसते.

२६ एप्रिल २०२४ रोजी परभणीत मतदान सुरू असतानाच, सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या पडताळण्याची पद्धत कायम राहिली. यंत्र निर्दोष असेलही. परंतु पराभूतालाही निकाल पटावा, यासाठी पडताळणी सर्वांदेखत व्हावयास हवी. विश्वास हुकमाने उपजत नाही.