आभासी चाचणी (स्वयंचलित वाहनांची)

स्वयंचलित वाहन रस्त्यावर उतरवण्याआधी त्याची चालकप्रणाली संगणकात उभ्या केलेल्या रस्त्यावर, संगणकातल्याच रहदारीत चालवून पाहणे आणि त्यातून आलेले निकाल मान्यतेसाठी पुरावा म्हणून मांडणे, याला आभासी चाचणी म्हणतात. कारखान्यांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘सिम्युलेशन’ हाच शब्द चालतो.

या पद्धतीची गरज साध्या हिशेबातून निघाली. अमेरिकेतील रँड संस्थेने 2016 मध्ये दाखवून दिले की, स्वयंचलित गाडीमुळे होणारे मृत्यू माणूस चालवत असलेल्या गाडीपेक्षा जास्त नाहीत हे 95 टक्के खात्रीने सांगायचे, तर ती एकही प्राणघातक अपघात न होता 27.5 कोटी मैल, म्हणजे सुमारे 44 कोटी किलोमीटर चालली पाहिजे. शंभर गाड्या ताशी 25 मैल वेगाने रात्रंदिवस पळवल्या तरी साडेबारा वर्षे लागतील. त्यातच सॉफ्टवेअर बदलले की आधीच्या किलोमीटरांचा पुरावा अपुरा पडतो. संगणकात मात्र एकच कठीण प्रसंग वेग, अंतर, पाऊस आणि उजेड बदलत एका रात्रीत हजारो वेळा घडवता येतो.

चाचणी पायरीपायरीने खऱ्या गाडीकडे सरकते. आधी केवळ गणिती प्रारूप, मग खरे सॉफ्टवेअर (‘सिल’), मग खरे नियंत्रक यंत्र जोडून (‘हिल’) आणि शेवटी मोकळ्या धावपट्टीवर खरी गाडी, पण समोरचा अडथळा आभासी. कार्लासारखी मुक्त सिम्युलेटर प्रणाली 2017 पासून उपलब्ध असल्याने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही हे प्रयोग करता येतात.

मान्यतेच्या नियमांत आभासी चाचणी एकटी उभी राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम मंचाने आखलेल्या पद्धतीत प्रसंगांची सूची, आभासी चाचणी, धावपट्टीवरील चाचणी, खऱ्या रस्त्यावरील चाचणी, कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेची तपासणी आणि विक्रीनंतरची देखरेख हे सारे एकत्र येते. युरोपीय संघाचा 2022 चा 1426 क्रमांकाचा नियम आणखी एक अट घालतो: सिम्युलेटर स्वतः किती विश्वासार्ह आहे, हे खऱ्या चाचण्यांशी ताडून सिद्ध करायचे. प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे. परीक्षकाची परीक्षा झाली नसेल, तर पडद्यावरच्या लाखो किलोमीटरांना किंमत नाही.

खरी अडचण प्रसंगांच्या सूचीत असते. सूचीत जे लिहिलेले नाही, ते सिम्युलेटर विचारत नाही. चंद्रपूरहून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता उदाहरणादाखल घ्यावा. पद्मापूरच्या कोळसा खाणींचा पट्टा मागे पडला की साग-बांबूचे रान लागते. सकाळची सफारी गाठायची म्हणून पर्यटकांच्या गाड्या उजाडण्याआधीच निघतात. नेमक्या त्याच वेळी चितळ, रोही, रानडुक्कर रस्ता ओलांडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारी माणसे पहाटे झाडाखाली वाकून किंवा उकिडवी बसलेली असतात. स्वयंचलित ब्रेकच्या प्रचलित चाचण्यांत मात्र पादचारी म्हणून पाय हलवत चालणारा, ताठ पुतळा वापरतात. संध्याकाळी गुरे परततात. वाघ दिसल्याच्या नुसत्या संशयावरून पुढची गाडी भर रस्त्यात थांबते, तिच्यामागे आणखी चार.

यातला एक प्रसंग आकड्यांत मांडता येतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 157 (मार्गिका राखून आपोआप चालणाऱ्या गाड्यांसाठी, जून 2020) दक्ष मानवी चालकाचे एक प्रारूप देतो. धोका ओळखायला 0.4 सेकंद, ब्रेक सुरू व्हायला 0.75 सेकंद आणि जास्तीत जास्त मंदन गुरुत्वत्वरणाच्या 0.774 पट. या हिशेबाने ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी थांबायला किमान 37 मीटर लागतात, ताशी 30 ला सुमारे 14. पंधरा मीटरवर झुडपातून उडी घेणारे चितळ पहिल्या गाडीपुढे वाचत नाही, दुसऱ्या गाडीपुढे वाचू शकते. सिम्युलेटरने प्रणालीला पारखायचे ते इथे: पाहण्याच्या टप्प्यापलीकडे काय असेल याचा अंदाज घेऊन ती आधीच वेग कमी करते का? मात्र नियम 157 अशा रस्त्यासाठी नाहीच. पादचारी आणि सायकलींना बंदी असलेले, दुभाजकाचे रस्ते हीच त्याची कार्यकक्षा. त्या कक्षेतली गाडी मोहर्लीच्या वाटेवर ‘तुम्हीच चालवा’ असे चालकाला सांगते की नाही, एवढीच तिची परीक्षा उरते.

प्राण्यांच्या बाबतीत अनुभव जुना आहे. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीची मूसवर घडवलेली प्राणी-ओळख प्रणाली ऑस्ट्रेलियात कांगारूंपुढे गोंधळली. प्राण्याचे अंतर ती जमिनीच्या संदर्भाने मोजत होती; कांगारू हवेत असला की दूर भासे, टेकला की जवळ. भारतीय रस्त्यांसाठी हैदराबादच्या आयआयआयटीने हैदराबाद-बंगळुरूच्या रस्त्यांवरून सुमारे दहा हजार चित्रांचा संच तयार केला. त्यात ऑटोरिक्षा आणि प्राणी यांना स्वतंत्र वर्ग आहेत, पण चित्रणाचा भर शहरे व त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवर.

भारत 1958 च्या वाहननियम कराराचा सदस्य नाही, 1998 च्या कराराचा आहे. त्यामुळे नियम 157 येथे आपोआप लागू होत नाही. वाहनांना मान्यता केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली नेमलेल्या चाचणी संस्था देतात. महाराष्ट्रात पुण्याची एआरएआय (स्थापना 1966), पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकी. आपत्कालीन ब्रेक (एआयएस-162), चालकाच्या झोपेचा इशारा (एआयएस-184) आणि मार्गिका सुटल्याचा इशारा (एआयएस-188) अशा चालकसाहाय्याच्या प्रणालींसाठी मानके आहेत. पूर्ण चालकरहित गाडीला मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन जाहीर विरोध केला आहे.

विदर्भातला प्रत्यक्ष प्रयोग नागपूरचा. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्कर-इशारा यंत्रे बसवली. ती कुठे वारंवार वाजतात यावरून अजून अपघात न झालेली, पण होऊ शकेल अशी ठिकाणे शोधली जातात. त्यांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. प्रसंगसूची भरायला असे ‘थोडक्यात वाचले’ प्रकार फार मोलाचे, कारण त्यांची नोंद पोलिसांकडे नसते.

जंगलातल्या रस्त्यांसाठी हे काम आणखी विखुरलेले आहे. माणूस जखमी झाला तर नोंद पोलिसांकडे; वाघ, बिबट किंवा चितळ गाडीखाली आले तर पंचनामा वनखात्याचा आणि गुन्हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. मोहर्लीसारख्या रस्त्याची प्रसंगसूची करणाऱ्याला ही दोन्ही दप्तरे वेळ, ठिकाण आणि ऋतू जुळवून एकत्र वाचावी लागतील.