करकपात झाली, पण कुणाच्या खिशात किती?

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे त्यांची मर्यादा पावणेतेरा लाख.

ठाण्यातल्या कंपनीत वर्षाला पावणेतेरा लाख कमावणाऱ्याचे त्यामुळे ८० हजार वाचले. करपात्र उत्पन्न २४ लाख असेल तर १ लाख १० हजार. (उपकर वेगळा.) आणि डोंबिवलीहून लोकल पकडून पाच लाखांची नोकरी करणारा? नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत आधीच सूट होती. शून्यातून काय कमी होणार!

मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला शेतीच्या उत्पन्नावर आयकर लागतच नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती जीएसटीची कपात. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. दुकानदाराने पूर्ण कपात दिली तर शंभराची वस्तू साधारण ८९ ला पडते. ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्के. करापूर्वी सहा लाखांच्या ट्रॅक्टरमागे ४२ हजार वाचतात. पण तासावर भाड्याने ट्रॅक्टर लावणाऱ्याला फायदा तेव्हाच, जेव्हा मालक दर उतरवेल. सुटा तांदूळ, भाजी यांवर जीएसटी आधीही नव्हता.

राज्याच्या व्यवसाय कराकडे फारसं कुणी बघत नाही. एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. एमआयडीसीत २० हजारांवर काम करणाऱ्या ताईंचे वर्षाला अडीच हजार वाचतात. शेजारच्या मशीनवरच्या पुरुषाचे मात्र कापले जातात. ताई, तुमच्या पगाराच्या स्लिपवर अजूनही ते २०० रुपये दिसत असतील तर ऑफिसात विचारा.