मागल्या चाकांची पेटी

नागपुराहून रायपुराकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड भिलाईत कॅम्प-१ या वस्तीजवळून जातो. पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूरच होती; आणि कारखाना उभारायला आलेल्या मजुरांच्या ज्या छावण्या त्या काळी येथे पडल्या त्यांचे ‘कॅम्प’ हे नाव, पक्की घरे उठली, बाजार भरू लागला, तिसरी पिढी नांदू लागली तरी, सुटले नाही. या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मालमोटारीच्या मागे वाकून पाहावे, तर एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेले जाड पोलादी हाऊसिंग, त्याच्या मध्यभागी इंजिनाची ओढ दोन्ही चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचा फुगीर गोळा, आणि दोन्ही बाजूंस यू-बोल्टांनी आवळलेली स्प्रिंग-पाट्यांची चळत, एवढा सरंजाम दृष्टीस पडतो. ज्या अँबॅसडर गाडीने सरकारी दफ्तरांचा कारभार अर्धशतक वाहिला तिचा आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचा मागला घाट आकाराने लहान, पण जातीने हाच.

हा घाट बैलगाडीच्या कण्याचा थेट वंशज होय. दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असल्यामुळे डावे चाक खड्ड्यात उतरले की उजवेही कलते. शिवाय डिफरन्शियलचा सारा भार पाट्यांच्या खाली, चाकांबरोबर उड्या मारीत राहतो आणि तो आवरण्यातच पाट्यांची शक्ती खर्ची पडते. उपाय दिसायला सोपा आहे: डिफरन्शियल चासीला पक्के करावे आणि प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर मोकळे सोडावे. ऑस्ट्रियन अभियंता एडमंड रुम्प्लर याने १९०३ साली अशा झुलत्या अर्ध्या आसाचे पेटंट घेतले, आणि हान्स लेडविंका याने टाट्रा कंपनीच्या १९२३ च्या गाडीत तो सर्वसामान्य रस्त्यावर आणला. तथापि या रचनेत एक खोड उपजतच होती. अर्धा आस फक्त डिफरन्शियलपाशी मुडपत असल्यामुळे चाक सरळ वरखाली न होता कमानीत फिरते. वेगात वळण घेताना चालकाने एकाएकी पाय उचलला, की गाडीची पाठ वर येते आणि बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू पाहते. अमेरिकेतील कॉर्व्हेअर गाडीची १९६५ साली राल्फ नेडर यांनी जी झाडाझडती घेतली तिचे मूळ याच खोडीत होते.

मात्र जुन्या गाडीचा मागला आस काढून तेथे परक्या गाडीची स्वतंत्र चाके बसवावीत, हा जो प्रघात पुढे विलायत, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील हौशी कारागिरांत रूढ झाला, त्याचे जनकत्व या पेटंटाकडे जात नाही, असे माझे मत आहे. ते जाते जग्वार कंपनीच्या एका पोलादी पेटीकडे. रॉबर्ट नाइट या अभियंत्याला कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांनी पाच पौंडांची पैज लावून महिन्याभरात ही रचना करून दाखव म्हटले आणि त्याने ती सत्तावीस दिवसांत केली, अशी आख्यायिका आहे. पैजेचे खरेखोटे काही असो, १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या ई-टाइप गाडीखाली ती रचना होती, आणि त्याच वर्षी मार्क टेन या थोरल्या गाडीखालीही आली. नाइटचा मुख्य कटाक्ष होता तो गाडीत बसणाऱ्यांच्या कानांवर. चासीला ठोकलेल्या डिफरन्शियलची गुरगुर थेट आसनापर्यंत पोहोचते. ती तुटावी म्हणून त्याने डिफरन्शियल, चार गुंडाळी-स्प्रिंगा, खालचे दांडे आणि डिस्क-ब्रेकसुद्धा एकाच दाबीव पत्र्याच्या पिंजऱ्यात बसविले, आणि तो पिंजरा रबरी ठोकळ्यांच्या मध्यस्थीने गाडीला लटकविला. दोन्ही टोकांस क्रॉसचा सांधा असलेला चाकाचा फिरता दांडा हाच वरचा जोडदांडाही होतो, ही त्यातील खरी काटकसर. ब्रेक चाकांतून काढून डिफरन्शियलच्या कुशीत नेल्याने उसळणारे वजन घटले; पण त्यांची धग तेथल्या तेल-सीलांना भोवते आणि पॅड बदलायला कारागिराला गाडीखाली उताणे पडून अंधारात हात घालावा लागतो, हेही नमूद केले पाहिजे.

नाइटने शांततेसाठी केलेल्या या योजनेचा अनपेक्षित परिणाम असा झाला, की जी वस्तू आजवर गाडीची स्थावर मिळकत होती ती जंगम झाली. प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट, ब्रेकची एक नळी, हातब्रेकची केबल, पुढे जाणारे दोन दांडे आणि रबरी ठोकळे एवढे सोडविले, की सबंध मागली बाजू हाती येते. १९६८ पासून निघालेल्या जग्वारच्या एक्सजे-सिक्स गाड्यांचे पत्रे गंजून गेले तरी पेट्या शाबूत राहिल्या, आणि भंगारवाल्यांच्या आवारात त्या अल्प मोलाने मिळू लागल्या. अमेरिकेतल्या हॉट-रॉडवाल्यांनी त्यांना क्रोमचा मुलामा देऊन तीसच्या दशकातील फोर्ड गाड्यांखाली उघड्याच मिरविल्या.

अर्थात पेटी हाती येणे निराळे आणि ती परक्या घरात नांदणे निराळे. पाट्यांच्या गाडीत ओढीचा व ब्रेकचा जोर पाट्याच्या पुढल्या डोळ्यातून चासीत उतरतो, म्हणून चासी तेथेच भक्कम केलेली असते. पेटीचा जोर भलत्याच ठिकाणी येतो, तेव्हा तेथे नवी आडवी तुळई जोडावी लागते. रुंदी जुळली नाही तर चाके मडगार्डाला घासतात किंवा दांडे आखूड करावे लागतात. पिनियनचा कोन चुकला तर शाफ्ट थरथरतो. आणि पुढल्या-मागल्या ब्रेकांचा तोल साधला नाही तर मागली चाके आधी जखडतात. या कामात जो फसतो तो बहुधा वेल्डिंगमुळे नव्हे, मोजमापामुळे.

आपल्याकडील कथा मात्र उफराटी आहे. १९५९ साली विलायतेत निघालेली ट्रायम्फ हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनविली. इटालियन आरेखक मिकेलोत्तीने आखलेली ही देखणी गाडी मागे झुलत्या अर्ध्या आसांवर आणि एकाच आडव्या पाट्यावर तोललेली होती. चौघांच्या गाडीत सहाजण व टपावर वळकट्या हा आपला शिरस्ता. त्या ओझ्याखाली मागली चाके वरून आत झुकत आणि पायाने फाकत, त्यामुळे टायरांची आतली कडच झिजून जाई. मालक व कारागीर दोघेही या रचनेवर प्रसन्न नव्हते. तेव्हा १९७२ साली याच गाडीतून जी ‘गझेल’ सिद्ध झाली, तिच्यात कंपनीने स्वतंत्र चाके काढून सरळसोट अखंड आस बसविला. परदेशी हौशी मंडळी ज्या वस्तूसाठी भंगार धुंडाळीत होती, ती येथे खुद्द कारखान्याने पदच्युत केली! मला हा निर्णय मागासलेपणाचा वाटत नाही. पाटा तुटला तर वाटेवरल्या गावी भाता व ऐरण असलेला लोहार तो जुळवून देई. झुलत्या आसाचा क्रॉस किंवा चाकापाशी असलेली खुंटी मोडली तर मुक्काम ठरलेला. अमेरिकेतही १९९९ च्या मस्टँग कोब्राला फोर्ड कंपनीने दिलेली स्वतंत्र चाके, सरळ रेषेत शर्यती खेळणारे लोक पुढे काढून टाकून अखंड आस परत बसवू लागलेच.

आज कोणी जुन्या हेराल्डखाली अगर अँबॅसडरखाली अशी पेटी घालू म्हणेल, तर त्याची गाठ प्रथम कायद्याशी पडते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निवाडा यांच्या आधारे, कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार नोंदणीत मान्य होत नाहीत. आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून जी सनद मिळते ती चासी, सांगाडा वा इंजिन यांत भरीव बदल नसेल तरच. तुळई जोडण्यासाठी चासीला कटर लावला, की ती सनद धोक्यात येते.

स्वतंत्र मागली चाके इकडे पुन्हा आली ती निराळ्या वाटेने. १९९५ पासून पुण्यात मर्सिडीजची ई-वर्गाची गाडी जुळविली जाऊ लागली, तिच्या प्रत्येक मागल्या चाकाला पाच दांडे होते, ती धनिकांची. १९९८ साली टाटांची इंडिका आली, तिच्याही मागे स्वतंत्र चाके होती. पण ओढ पुढल्या चाकांकडे गेल्यामुळे मागे डिफरन्शियलच उरले नव्हते, आणि जी गुरगुर कोंडण्यासाठी नाइटने पेटी घडविली तीही नव्हती.