चूल फुंकल्यासारखं, पण हळू

आजीच्या उशाशी दोन पंप असायचे. धाप लागली की ती निळा ओढायची. दुसरा ‘लागू पडत नाही’ म्हणून जवळजवळ भरलेलाच. तो रोज घ्यायचा असतो, धाप असो वा नसो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलातून सोडताना आम्हाला फाईल मिळाली, बिल मिळालं. पंप कसा ओढायचा ते केमिस्टने काउंटरवरून अर्ध्या मिनिटात उरकलं. आजीने कधी विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चूल फुंकली. निदान सीओपीडी.

तीन महिन्यांत पुन्हा अ‍ॅडमिट. यावेळी वॉर्डातल्या एक सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. आधी म्हणाल्या, “आजी, पंप कसा घेता ते दाखवा बरं.” आजीचा अर्धा फवारा हवेत! मग स्पेसर आला. मग त्यांनी ओठांचा चंबू करायला लावला. “चूल फुंकता ना, तसंच. पण समोरची ज्योत विझता कामा नये.” या आजारात श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा आतच अडकते. चंबूतून हळू सोडलं की आतला दाब टिकतो, नळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात. ज्या फुंकरीने आजार दिला, तीच आता औषध.

मी सॉफ्टवेअरवाला. युजर मॅन्युअल कोणी वाचत नाही, हे मला रोज दिसतं. पण रुग्णासाठी मॅन्युअल पहिल्यांदा कोणी लिहिलं असेल, हे शोधताना मी अमेरिकेतल्या डेन्व्हरला पोचलो. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच, म्हणजे हवा आधीच विरळ. साठच्या दशकात अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा विश्रांती सांगत. कोलोरॅडो विद्यापीठातल्या डॉ. थॉमस पेटी आणि नर्स लुईस नेट यांनी उलटं केलं. सोबत नेता येणारा ऑक्सिजन देऊन लोकांना चालवलं, श्वास सोडायला शिकवलं, घरच्यांनाही शिकवलं. १९६७ मध्ये दोघांनी थेट रुग्णांसाठी पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर डॉक्टरसोबत नर्सचंही नाव! फुफ्फुसं फारशी सुधारली नाहीत, पण माणसं जास्त चालू लागली. योगायोग असा की ‘सेल्फ-मॅनेजमेंट’ हा शब्द रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ थॉमस क्रीअरही डेन्व्हरमध्येच दम्याच्या मुलांसोबत काम करत होते.

ठोस पुरावा यायला मात्र २००३ उजाडलं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डॉ. जाँ बुर्बो यांच्या गटाने सात हॉस्पिटलांतले १९१ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना प्रशिक्षित माणूस दोन महिने दर आठवड्याला शिकवायचा, पुढे महिन्याला फोन. धाप वाढली, कफाचा रंग बदलला तर काय करायचं, याचा कागद प्रत्येकाच्या हातात. वर्षभरात आजार बळावून अ‍ॅडमिट होणं जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या पाच हॉस्पिटलांतही ७४३ रुग्णांवर असाच चांगला निकाल आला. तिथे तर शिकवणी फक्त एकदाच, तास-दीड तासाची. बाकी महिन्याचे फोन.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण २०१२ मध्ये माजी सैनिकांच्याच वीस हॉस्पिटलांतला ४२६ रुग्णांचा तसाच प्रयोग मध्येच बंद करावा लागला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात १० मृत्यू, शिकवलेल्या गटात २८. का, याचं समाधानकारक उत्तर संशोधकांनाही सापडलं नाही. कोणी म्हणालं, योगायोग. कोणी म्हणालं, घरीच गोळ्या घेऊन लोक हॉस्पिटलात यायला उशीर करत असतील.

हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण सिस्टरांनी दिलेला तसाच एक कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. सकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, “कागद चुकीचा नाही. पण शेवटची ओळ वाचलीत का?”

शेवटच्या ओळीत त्यांचा नंबर होता आणि लिहिलं होतं : गोळी सुरू केली की त्याच दिवशी फोन.

आजीला मी तो नंबर स्पीड डायलवर लावून दिलाय. ती अजून मलाच हाक मारते.