कावा : शिंगराच्या शिक्षणातील एक शब्द आणि मराठी घोडदळ

‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोग आपल्या इतिहासलेखनात इतका रुळला आहे की त्यातील दुसऱ्या पदापाशी थांबून विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. कावा म्हणजे डाव, कपट, हुलकावणी, असा अर्थ आपण गृहीत धरतो आणि पुढे जातो. परंतु प्लॅट्सचा १८८४ सालचा हिंदुस्थानी कोश उघडून पाहावा. तेथे ‘कावा देणे’ याचा अर्थ घोड्याला मंडळाकार फिरविणे, असा सापडतो. मधोमध उभ्या राहिलेल्या चाबूकस्वाराने लांब दोरीवर कोवळे जनावर डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे फिरवीत राहावयाचे, ह्या शिक्षणक्रमाचे हे नाव आहे. मराठीतही घोड्याच्या ह्या फिरवणीला कावा म्हणत. ज्या शब्दाने आपण एका युद्धपद्धतीची ओळख सांगतो, तो शब्द पागेच्या अंगणातला आहे, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. प्रस्तुत टिपणात त्या अंगणात काय चालत असे, ह्याचा उपलब्ध ग्रंथांच्या आधारे शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

घोडा शिकविण्याच्या विद्येसंबंधी आपल्याकडील सर्वांत व्यवस्थित माहिती कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात येते. ह्या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत व ते मिटलेले नाहीत; प्रस्तुत विषयाला त्याने बाध येत नाही. मुंबई विद्यापीठाने १९६० साली प्रसिद्ध केलेली प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती विद्यार्थ्यांच्या हाताशी असतेच, तेव्हा मूळ पाठ पडताळून पाहणे कठीण नाही.

कौटिल्य जन्मापासून आरंभ करतो. व्यालेल्या घोडीला तीन रात्री प्रस्थभर तूप; शिंगराला दहा रात्रींनंतर कुडुबभर सातू, त्यात चौथाई तूप, आणि सहा महिन्यांपर्यंत प्रस्थभर दूध. पुढे प्रस्थभर जव सुरू करावा व तीन वर्षांपर्यंत दर महिन्याला त्यात अर्ध्याची वाढ करावी. मग चौथे वर्ष पुरे होईतो द्रोणभर जव द्यावा. ह्या ‘अर्ध्या’चा अर्थ अर्धा प्रस्थ असाच घ्यावा लागतो, असे मला वाटते. सहाव्या महिन्यापासून छत्तिसाव्यापर्यंत तीस महिने होतात. तीस अर्धे म्हणजे पंधरा प्रस्थ, आणि आरंभीचा एक मिळवून सोळा. सोळा प्रस्थांचा एक द्रोण, हे मान सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे मासिक वाढ बरोबर तिथे येऊन थांबते, जिथून पुढचा नियम सुरू होतो. कोणीतरी हा हिशेब कोठारात बसून केला असला पाहिजे. तो केवळ ग्रंथ लिहिणाऱ्याच्या कल्पनेतला दिसत नाही.

चार किंवा पाच वर्षांचा, पूर्ण वाढलेला घोडा ‘कर्मण्य’, म्हणजे कामास योग्य, असे कौटिल्य म्हणतो. उत्तम प्रतीच्या प्रौढ घोड्याचा धान्याचा शिधा दोन द्रोणांचा आहे. तेव्हा चौथ्या वर्षातले जनावर, ज्याने अद्याप एकही मजल मारलेली नाही, ते उत्तम घोड्याच्या निम्मे धान्य खात असते. राजाच्या कोठारावरचा हा भार कौटिल्याला दिसत नसेल, असे म्हणवत नाही. दमडीदमडीचा हिशेब ठेवणारा ग्रंथकार आहे तो. तरीही तो घाई करीत नाही. घोडा लवकर कामाला लावण्याची एकही युक्ती त्याने सांगितलेली नाही.

कामास आलेल्या घोड्याला काय शिकवावयाचे, हे तो पाच गटांत सांगतो : वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. लंघनाचे प्रकार माकडाच्या, बेडकाच्या उडीवरून ओळखले जातात. धोरणाचे मोर, मुंगूस, वराह यांच्या चालीवरून. ही नावे पुस्तकी पंडिताने घडविलेली नसून जनावरे रोज पाहणाऱ्या माणसांच्या तोंडची असावीत. आपल्या विषयाच्या दृष्टीने पहिला आणि शेवटचा गट महत्त्वाचा. वल्गन म्हणजे मंडळाकार चाल. त्यातील ‘औपवेणुक’ हे अगदी लहान वर्तुळातले फिरणे, ‘वर्धमानक’ हे तसेच फिरत पुढे सरकणे, आणि ‘यमक’ हे जोडवर्तुळातले, असे टीकाकारांचे स्पष्टीकरण आहे. शेवटच्या नारोष्ट्राची व्याख्या मात्र ग्रंथकाराने स्वतःच एका समासात केली आहे : संज्ञाप्रतिकार, म्हणजे स्वाराच्या खुणेला घोड्याने दिलेले उत्तर. मंडळाने आरंभ आणि खुणेच्या आकलनाने शेवट, हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही.

हे शिकविणारा कोण? कौटिल्य ‘योग्याचार्य’ असा शब्द वापरतो. योग्या म्हणजे सराव. तिचा आचार्य तो योग्याचार्य. घोड्याला बांधण्याची साधने कोणती असावीत, हे त्याने ठरवावयाचे आहे. वैद्याने देहाच्या वाढ-घटीवर उपाय व ऋतुमानाप्रमाणे आहार सांगावयाचा. आणि त्याशिवाय घोडे धरणारे, बांधणारे, गवत घालणारे, धान्य शिजविणारे, ठाण राखणारे, केस कापणारे अशी माणसे. काम चुकले तर त्या दिवसाचे वेतन कापावे, हेही तो सांगायला विसरत नाही. परंतु योग्याचार्याने ते वल्गन प्रत्यक्ष कसे शिकवावे, याविषयी तो मौन पाळतो. प्रशासकाला त्याची गरज नव्हती.

ह्या मौनाची थोडी भरपाई एका ग्रीक ग्रंथाने होते, म्हणून त्याच्याकडे वळावे लागते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने अश्वारोहणावर एक लहानसा प्रबंध लिहिला. त्याचा आणि अर्थशास्त्राचा काही संबंध होता, असे सुचवावयाचे नाही. तो स्वतः घोडदळात लढलेला होता, आणि कौटिल्याने सोडलेली ‘कसे’ ही बाजू तो लिहितो, एवढेच तुलनेचे कारण. मुलाला एखादा धंदा शिकण्यासाठी उस्तादाच्या हाती द्यावे, तसे शिंगरू शिकविणाऱ्याच्या हाती द्यावे, असे तो सांगतो. आणि परत घेताना त्याला काय काय आले पाहिजे, याचा करार आधीच लिहून घ्यावा, असेही. पण तत्पूर्वी घरच्या मोतद्दाराने त्याला माणसाळवावे. भूक, तहान आणि माशांचा त्रास एकटेपणात व्हावा. खाणे, पिणे आणि सुटका माणसाच्या हातून मिळावी. मग ते माणसाची वाट पाहू लागेल. गर्दीतून, गोंगाटातून त्याला न्यावे. ते बिचकले तर मारू नये, भिण्यासारखे काही नाही हे शांतपणे पटवावे. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये.

फिरविण्याविषयीही झेनोफन स्पष्ट आहे. घोडा दोन्ही बाजूंना सारखाच वळता यावा म्हणून त्याला मंडळावर फिरवावे. तेही शुद्ध वर्तुळापेक्षा लांबट मंडळ त्याला अधिक पसंत, कारण सरळ धावल्यावर घोडा वळणाला अधिक खुषीने येतो. निसरड्या जमिनीवर भरधाव असताना त्याला आखडते वळण देऊ नये. जबरदस्तीने केलेल्या गोष्टीत समज नसते, हे त्याचे मत त्याने आपल्या पूर्वीच्या सायमन नामक अश्ववेत्त्याच्या आधारे मांडले आहे. ज्यांनी घोडे हाताळले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते नवे असते. आपण घोडे मोजतो, ते कसे तयार झाले हे सहसा विचारीत नाही.

महाराष्ट्राच्या भूमीवर ही विद्या किती जुनी आहे, याचा एक पुरावा कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात मिळतो. बाराव्या शतकातील ह्या ग्रंथाच्या विनोद-विंशतीत वाजिवाह्याली नावाचे प्रकरण आहे. वाह्याली म्हणजे घोडे फिरविण्याचे मैदान. तेथे घोड्यांचा सराव आणि स्वारांचा चेंडूचा खेळ हे राजाच्या करमणुकीचे विषय म्हणून आले आहेत. म्हणजे जे कौटिल्याच्या वेळी अध्यक्षाच्या वहीत होते, ते येथे दरबाराच्या शोभेतही आले.

आता मराठ्यांच्या पागेकडे. सभासदाने १६९७ साली लिहिलेल्या बखरीत शिवकालीन घोडदळाची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि सर्वांवर सरनोबत. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. आणि शिलेदारांनी पागेच्या आज्ञेत वागावे, अशी व्यवस्था. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाल आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीस यावे, घोड्यांसाठी दाणावैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असावीत, दसऱ्यानंतर मुलुखगिरीस निघावे. ह्या गणनेत पाण्याची सोय आहे, नालाची आहे, औषधाची आहे. चाबूकस्वार नाही. त्याचे नाव नाही म्हणून तो नव्हता, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. अशिक्षित घोड्यांवर बसून कोणी मुलुखगिरी करीत नसते. एवढेच की ही विद्या वहीत न येता हाताहाताने चालत आली. त्या चार महिन्यांच्या छावणीतच कोवळ्या जनावरांना दोरीवर फिरविण्यास सवड मिळत असावी, हा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

मराठा स्वाराच्या हाती भाला. उजवा हात त्यात गुंतला की लगामासाठी डावा एकच उरतो. अशा स्वाराने शत्रूच्या अंगावर यावे, ऐन वेळी वळावे, पांगावे, बगलेवरून फिरून पुन्हा एकत्र व्हावे, ही हालचाल मोगली इतिहासकारांच्या तक्रारींचा नेहमीचा विषय होती. ती पद्धत शिवाजी महाराजांच्या आधी, मलिक अंबरच्या सेवेतील बारगी स्वारांपासून दख्खनेत चालत आलेली आहे. आपले लेखक तिचे कारण सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत, भीमथडीच्या काटक तट्टांत आणि मावळ्यांच्या चपळ स्वभावात शोधतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु दऱ्याखोऱ्या स्वतः घोड्याला वळायला शिकवीत नाहीत, आणि काटक तट्टूही न शिकविता एका हाताच्या लगामावर डावी-उजवी सारखेच वळत नाही. प्रत्येक जनावराची एक बाजू जड असते. ती मोकळी करण्यासाठीच कावा द्यावयाचा असतो. कौटिल्याचे यमक, झेनोफनचे लांबट मंडळ आणि आपला कावा हे एकाच कामाचे तीन साक्षीदार आहेत.

तेव्हा ‘गनिमी कावा’ याचा अर्थ ‘शत्रूचे कपट’ असा न घेता मुळात ‘शत्रूच्या स्वारांची ती फिरवणी’ असा घ्यावा काय? गनीम हा शब्द मोगलांनी मराठ्यांना लावलेला. तेव्हा समोरून पाहणाऱ्याला जे दिसले, त्याचे हे नाव असणे संभवते. ह्यावर एक रास्त आक्षेप आहे. वर्तुळाकार फिरण्यावरून ‘आडवळण, डाव’ असा लाक्षणिक अर्थ शब्दाला आधीच आलेला असेल, आणि युद्धवर्णन करणाऱ्याने तोच उचललेला असेल. हा आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही. पण तो मान्य केला तरी लक्षणेचे मूळ पागेतच राहते.

ह्या विचाराचा एक परिणाम अठराव्या शतकाच्या अभ्यासावर व्हावयास हवा. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत मराठ्यांची किती माणसे पडली, याची चर्चा आपण शतकभर करीत आलो. वेढ्यात उपाशी मेलेल्या आणि रणांगणावर गेलेल्या घोड्यांचा उल्लेख आपण ओझरता करतो, जणू पैसा उभा राहिला की ते बाजारातून पुन्हा मिळणार होते. जनावर मिळत असे. पण तयार घोडा म्हणजे चार-पाच वर्षांचा दाणा आणि त्यावर चाबूकस्वाराची मेहनत. १७६१ साली जन्मलेले शिंगरू कौटिल्याच्या हिशेबाने १७६५-६६ पूर्वी कामास येत नव्हते. माधवराव पेशव्यांच्या आरंभीच्या स्वाऱ्या ह्या मधल्या वर्षांतल्या आहेत. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयनच्या हाताखाली कवायती पायदळ उभे केले. त्याचे श्रेय नेहमी युरोपीय पद्धतीच्या आकर्षणाला दिले जाते. शिपायाला कवायत काही महिन्यांत येते. पेशवे दप्तरातील पागांच्या खर्चाचे कागद ह्या दृष्टीने वाचले गेले, तर त्या निवडीचे दुसरे कारणही तेथे सापडण्याचा संभव आहे. दाण्याच्या रोजच्या नोंदीत ‘शिंगरे’ आणि ‘घोडे’ वेगळे दाखविले आहेत की नाहीत, येथपासून आरंभ करता येईल.