खिळेठोक हत्यार, वातचालित

वातचालित खिळेठोक हत्यार : संपीडित (दाबाखालील) हवेच्या साहाय्याने एकाच आघातात लाकडात खिळा बसविणारे, हातात धरून वापरावयाचे हत्यार. कारागिरांच्या बोलीत याला ‘नेलगन’ किंवा नुसतेच ‘गन’ म्हणतात. पुणे शहरात व परिसरातील औद्योगिक वसाहतींत याचा उपयोग मुख्यतः यंत्रसामग्रीच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या लाकडी पेट्या व पॅलेट बनविणे, सोफ्यांचे सांगाडे तयार करणे आणि घरांची अंतर्गत सजावट करणे यांसाठी होतो. हातोडा वापरताना आघाताचे बल, त्याची दिशा व वेळ ही तिन्ही कारागिराच्या मनगटात असतात. या हत्यारात बल हवेकडे आणि वेळ बव्हंशी चापाच्या रचनेकडे गेली. कारागिराकडे प्रामुख्याने दिशा तेवढी उरली. हत्याराच्या सुरक्षित वापराचे बहुतेक प्रश्न या बदलातून उद्भवलेले आहेत, म्हणून त्याचा इतिहास थोडा मागून पाहणे आवश्यक ठरते.

पुण्याच्या जुन्या सुतारकामात खिळ्याचे स्थान दुय्यम होते. १७३० मध्ये पायाभरणी होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा किंवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा विश्रामबागवाडा यांसारख्या वास्तूंत सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांचे सांधे मुख्यतः एका लाकडाला भोक व दुसऱ्याला कुसू ठेवून, गरजेप्रमाणे पाचर मारून जोडले जात. खिळा लोहार एकेक करून घडवीत असल्याने तो महाग पडे व जपून वापरला जाई. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील टोकदार लोखंडी खिळे तर जोडकामापेक्षा हत्तीची धडक थोपविण्यासाठी बसविलेले आहेत. युरोपात व अमेरिकेत यंत्रावर कापलेले खिळे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि तारेपासून बनविलेले खिळे एकोणिसाव्या शतकात प्रचारात आले. स्वस्त तारेचा खिळा आयातीने भारतात पोहोचल्यावर सुताराच्या पेटीत वाकस, किंकरे व रंधा यांच्या जोडीला हातोड्याचे महत्त्व वाढले. पुढे सलोह काँक्रीटची बांधकामे रूढ झाल्यावर सुतारांचा एक मोठा वर्ग सेंटरिंगच्या, म्हणजे ठोकून पुन्हा उपटावयाच्या खिळ्यांच्या कामाकडे वळला. [→ सुतारकाम].

संपीडित हवेची हकिकत मात्र लाकडापासून नव्हे, खडकापासून सुरू होते. आणि तिच्यातील एक विरोध पुण्याच्या वाटेवरच पाहावयास मिळतो. मुंबई–पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले व १४ मे १८६३ रोजी हा घाटमार्ग खुला झाला. त्यातील पंचवीस बोगदे मजुरांनी पहार, छिन्नी व घण यांनी भोके पाडून आणि सुरुंगाची दारू ठासून खोदले. अपघात व रोगराई यांत हजारो मजूर मृत्युमुखी पडले. सॉलोमन ट्रेडवेल हे ठेकेदारही १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालविला. याच सुमारास, १८५७ मध्ये, फ्रान्स व इटली यांदरम्यानच्या आल्प्स पर्वतातील सु. १२ किमी. लांबीच्या माँ सनी बोगद्याचे काम सुरू झाले होते. तेथे जेर्मां सोमेय्ये या अभियंत्याने १८६१ पासून संपीडित हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरली. बोगद्याच्या तोंडापासून नळाने नेलेली हवा यंत्र चालवी आणि कोंदट भुयारात कामगारांना श्वासालाही उपयोगी पडे. सह्याद्रीच्या बेसाल्टात वातचालित छिद्रणयंत्रांचा मोठ्या प्रमाणावर वापर पुढे कोयना प्रकल्पाच्या बोगद्यांत झाला.

कारखान्यात हातात धरावयाचे वातचालित हत्यार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आले. अमेरिकेत चार्ल्स ब्रेडी किंग यांना १८९४ मध्ये वातचालित हातोड्याचे एकस्व (पेटंट) मिळाले. रिव्हेट ठोकणे, ओतीव काम साफ करणे, दगड घडविणे यांसाठी अशा हातोड्यांचा प्रसार झाला. हे हातोडे एका जागी लागोपाठ अनेक लहान आघात करतात. खिळा मात्र एका आघातात पूर्ण बसला पाहिजे आणि लगेच दुसरा त्याच्या जागी आला पाहिजे. ही जुळणी साधून हत्यार बाजारात येण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडला. अमेरिकेतील लाकडी घरांच्या बांधणीत त्याचा झपाट्याने प्रसार झाला.

पुण्यात हत्याराआधी हवा आली. किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली व हडपसर येथे संपीडकांचे उत्पादन करू लागली. दापोडी येथे ॲटलस कॉप्को या मूळच्या स्वीडिश कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९६० नंतर पिंपरी–चिंचवड व आकुर्डी परिसरात मोटारवाहनांचे मोठे कारखाने निघाले आणि जुळणीच्या कामात वातचालित पाने, गिरमिटे व घासयंत्रे नित्याची झाली. या कारखान्यांच्या मालाला पेट्या लागत. भवानी पेठेतील टिंबर मार्केट आणि भोसरी, चाकण येथील लहान शेड यांतून त्या पुरविल्या जाऊ लागल्या. लाकडी वेष्टनाबाबतचे आंतरराष्ट्रीय मानक २००२ मध्ये स्वीकारले गेले. त्यातील उष्णतोपचाराच्या पद्धतीनुसार लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६° से. इतके किमान ३० मिनिटे ठेवावे लागते. त्यामुळे निर्यातीच्या पेट्यांचे काम शेडमधून थोडेफार शिस्तीत आले. परंतु ती शिस्त लाकडापुरतीच राहिली, ते ठोकणाऱ्या हातापर्यंत पोहोचली नाही, असे म्हणावे लागते.

कार्य : हत्याराच्या मुठीत व डोक्यात संपीडित हवा साठलेली असते. चाप ओढला की मुख्य झडप उघडते आणि हवा सिलिंडरातील दट्ट्यावर एकदम येते. दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी कोठीतून पुढे आलेला खिळा पट्टीपासून तोडून लाकडात घुसविते. तळाशी रबराची गादी दट्ट्याचा धक्का झेलते. चाप सोडल्यावर राखीव कप्प्यातील हवा दट्ट्या पुन्हा वर नेते. नेहमीचा कार्यकारी दाब दर चौ. सेंमी. ला सु. ५ ते ८ किग्रॅ. असतो. तोंडाशी स्प्रिंगवर सरकणारा एक स्पर्शक असून तो लाकडावर दाबला गेल्याशिवाय खिळा सुटत नाही.

खरा भेद चापाच्या रचनेत आहे. क्रमवार चापात प्रथम स्पर्शक दाबावा लागतो व मगच चाप ओढावा लागतो. पुढील खिळ्यासाठी दोन्ही सोडावे लागतात. स्पर्शचापात बोट चापावर दाबून ठेवून हत्यार नुसते टेकवीत गेले तरी प्रत्येक टेकण्याला खिळा सुटतो. दुसरी पद्धत वेगवान म्हणून लोकप्रिय आहे आणि धोकाही तिच्यातच अधिक आहे. आघाताने हत्यार मागे उसळते, हात ते अभावितपणे पुन्हा दाबतो आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो. शिडीवरून उतरताना मांडीला स्पर्शक लागला तरी हेच घडते. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात खिळेठोक हत्यारांच्या दुखापतींमुळे दर वर्षी सरासरी सु. ३७,००० व्यक्तींना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात जावे लागले. स्पर्शचापाने दुखापतीचा धोका क्रमवार चापाच्या सु. दुप्पट असल्याचे तेथील अभ्यासांत आढळले. वेगाचा लाभही वाटतो तितका नाही. दहा अनुभवी सुतारांकडून दोन्ही चाप वापरून सारख्या छोट्या लाकडी खोल्या बांधून घेतल्या असता स्पर्शचापाने खिळे ठोकण्याचा वेळ सु. १० टक्क्यांनी वाचला. मापणे-कापणे धरून एकूण कामात ही बचत एक टक्क्याहूनही कमी होती. तेव्हा पेट्यांच्या शेडमध्ये स्पर्शचापाचा आग्रह धरण्याला सबळ आधार उरत नाही. काही ठिकाणी तर स्पर्शक तारेने बांधून कायमचा मागे ओढून ठेवतात. हे कृत्य हत्याराला बंदुकीचे रूप देणारे असून कोणत्याही सबबीवर ते चालू देता कामा नये.

पुण्यातील कामाची एक स्वतंत्र अडचण आहे. पेट्यांसाठी बरेचदा मोडलेल्या पॅलेटचे लाकूड पुन्हा वापरतात. त्यात जुना खिळा दडलेला असतो. त्यावर किंवा घट्ट गाठीवर आपटलेला नवा खिळा वाकून फळीच्या कडेने बाहेर पडतो आणि फळी धरणाऱ्या डाव्या हातात घुसतो. म्हणून आधार देणारा हात खिळ्याच्या लांबीहून बराच अधिक अंतरावर ठेवावा, शक्य तेथे फळी शिकंज्यात धरावी आणि कडेच्या अगदी जवळ खिळा मारू नये. पट्टीचे तुकडे उडत असल्याने संरक्षक चष्मा, तसेच आवाजामुळे कानांचे संरक्षण लागते.

देखभाल : या हत्याराची देखभाल हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, अडकलेला स्पर्शक किंवा गळकी झडप यांमुळे कारागिराची सावधगिरी निष्फळ ठरते. दररोज काम सुरू करण्यापूर्वी स्पर्शक मोकळेपणी सरकतो का, स्क्रू सैल नाहीत ना व हवा गळत नाही ना, हे पाहावे. तेल लागणाऱ्या प्रकारांत हवेच्या प्रवेशद्वारातून हलक्या वातहत्यार-तेलाचे काही थेंब घालावेत. तेलविरहित प्रकारांत ते घालू नयेत. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, व पावसाळ्यात ते फारच साचते. त्याने टाकी आतून गंजते व झडपा चिकटतात. यासाठी टाकीतील पाणी रोज सोडावे आणि नळीच्या आधी गाळणी व दाबनियंत्रक बसवावा. खिळा पूर्ण बसत नाही म्हणून दाब कमाल मर्यादेपलीकडे चढविणे ही सर्रास आढळणारी चूक होय. झिजलेली पोलादी पट्टी किंवा दट्ट्याचे कडे हेच त्याचे कारण अनेकदा असते. अडकलेला खिळा काढण्यापूर्वी नळी सोडविलीच पाहिजे. जोडणीचा नर भाग हत्याराच्या बाजूस असावा, म्हणजे नळी काढताच आतील हवा निघून जाते. उलट जोडणीत नळी काढल्यावरही एक खिळा सुटण्याइतका दाब आत राहू शकतो. हवेऐवजी ऑक्सिजन वा अन्य वायूचा सिलिंडर कधीही जोडू नये, स्फोट होतो.

कायद्याने दाबयंत्रणेची तपासणी व डोळ्यांचे संरक्षण यांची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात (कलमे ३१ व ३५) केलेली होती. त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मात्र कारखान्याची व्याख्या कामगारांच्या संख्येशी निगडित राहिल्याने चार-सहा माणसांची शेड सामान्यतः तपासणीच्या कक्षेबाहेर पडते, आणि पुण्यातील पेट्यांचे बरेच काम अशाच शेडमध्ये चालते.

दुखापत झाल्यास शरीरात घुसलेला खिळा जागेवर उपटू नये. पट्टीतून तुटताना खिळ्याला तारेचे वा प्लॅस्टिकचे काटे राहतात, ते ओढताना शिरा व स्नायुबंध फाटतात, आणि आत राहिल्यास जखम चिघळते. हात हलणार नाही असा बांधून रुग्णास रुग्णालयात न्यावे. क्ष-किरण तपासणी व धनुर्वाताची लस आवश्यक असते. कोणत्या प्रकारचा खिळा होता हे वैद्यास कळावे म्हणून त्याच पट्टीतील एक खिळा सोबत न्यावा.